पाऊस पडायच्या आत: कुंडीतल्या मिरीची तयारी

रोप आणायला निघण्याआधी एकच ठरवा, वेल हवी की झुडूप. नर्सरीत दोन्ही 'मिरी' म्हणूनच मिळतात आणि घोळ तिथेच होतो. माझी पहिली मिरी ग्रिल धरून वरच्या मजल्याकडे निघाली, पानं देखणी, घोस एकही नाही. कुंडीला हवं बुश पेपर, म्हणजे घोस धरणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेलं रोप. खूण पेरांवर बघा. चढणाऱ्या वेलीच्या पेरापेराला धरून ठेवणारी बारीक मुळं असतात, आडव्या फांदीला ती नसतात. रोपावर एखादा घोस लोंबत असेल तर विचारायलाच नको. जातींत पन्नियूर-1 नावाजलेली, केरळातली, लांब घोसाची. दाट सावली मात्र तिला मानवत नाही. लागवडीतल्या मिरीत नर-मादी बहुधा एकाच फुलात असतात, त्यामुळे एक रोप पुरतं.

कुंडी 12 ते 14 इंची, बुडाला भरपूर भोकं. खालची ताटली काढूनच टाका. दोन घमेली माती, एक वाळू, एक कुजलेलं शेणखत, वर ओंजळभर निंबोळी पेंड. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिळाली तर आठवडाभर आधी शेणखतात मिसळून, ओलसर करून सावलीत झाकून ठेवा. पाणी साचलं की बुरशी बुंध्याशी शिरते, पानांवर काळे डाग पडतात आणि आठ-दहा दिवसांत रोप माना टाकतं. म्हणून पावसाआधी एक टक्का बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची, फवारणी हवीच. 1 लिटर पाण्याला मोरचूद आणि कळीचा चुना प्रत्येकी 10 ग्रॅम, दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, तेही प्लॅस्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं नको.

जागा सकाळच्या उन्हाची. पश्चिमेची गॅलरी असेल तर हिरवी जाळी आधीच बांधून घ्या. मेमधल्या दुपारी रोपं भाजलेली पाहिली आहेत मी.

पण पावसापासून कुंडी लपवू नका. जून-जुलैत कोवळे घोस येतात आणि त्यांच्यावरचे परागकण पावसाच्या थेंबांबरोबर घोसावरून खाली ओघळतात, दाणा धरतो तो बराचसा त्यामुळे. गॅलरी बंदिस्त असेल तर स्प्रेची बाटली यादीत घाला आणि घोस आल्यावर सकाळी बारीक तुषार मारा.

कात्री लागेलच. बुडातून अधूनमधून सरळ, चढाऊ फुटवे निघतात, ते दिसताक्षणी कापा, नाहीतर झुडपाची परत वेल होते.

पुढचं सामान हिवाळ्यात लागेल: एक चाळण आणि जुनं सुती फडकं. घोसात एखाददुसरा दाणा लाल झाला की घोस खुडायचा, दाणे सोडवून फडक्यात बांधायचे, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायचे आणि चार-पाच दिवस कडक उन्हात पसरायचे. हिरव्या तीन वाट्यांची काळी मिरी जेमतेम एक वाटी होते. थोडे हिरवे घोस मात्र वाळवू नका, मीठ-लिंबात घाला.