मागचा ॲक्सल घरी खोलताय? मग पिनियनचा नट डोकं शांत ठेवून आवळा

हे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि सॉलिड ॲक्सलवाल्या गाड्यांसाठी आहे. गाडी स्टँडवर कशी घ्यायची, ऑइल कसं काढायचं हे सांगत बसत नाही, ते येत नसेल तर डिफरन्शियलला हातच लावू नका.

प्रोपेलर शाफ्ट काढायच्या आधी फ्लँजवर पंचाने खूण करा. क्राउनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) बेअरिंग कॅपवर डावी-उजवी लिहा, त्या हाउसिंगसकट मशीन केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. बाकी सगळं नुसतं खोलायचं काम.

आता खरं दुखणं. पिनियनच्या, म्हणजे क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी गिअरच्या, दोन बेअरिंगच्या मधे एक पातळ नळी असते, क्रश स्लीव्ह. नट आवळला की ती दबते आणि बेअरिंगवर कायमचा ठरावीक दाब, म्हणजे प्रीलोड, येतो. "गच्च आवळ, हलायला नको" असं मला एका जाणकाराने सांगितलं आणि मी चार फुटी पाइप लावून आवळला पण. पिनियन जाम झाला. मग अक्कल चालवली आणि नट थोडा सैल केला. अहो, दबलेली नळी परत फुगते होय! पिनियन आतल्या आत हलायला लागला आणि दोन आठवड्यात मागून घूंऽऽ चालू. पुन्हा सगळं खाली.

म्हणून सांगतो, पिनियनची शिम (त्याची जागा ठरवणारी पातळ चकती) पक्की ठरेपर्यंत नवी नळी घालूच नका, दातांवर रंग लावून पॅटर्न (दात एकमेकांना कुठे टेकतात ते) बघेपर्यंत नळीशिवाय हलक्या हाताने आवळून काम भागतं. मग नवी नळी, नवा सील, नवा नट, आणि क्राउन बाहेरच ठेवायचा. फ्लँजला लांब लोखंडी पट्टी बोल्टने अडकवा, कारण नळी दबायला सुरुवात होताना बऱ्याच ॲक्सलला 300 न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो. एकदा दबायला लागली की मात्र केसभरच फिरवायचं, पिनियन हाताने पाच-सहा वेळा गरागरा फिरवायचा आणि काट्याच्या छोट्या टॉर्क रेंचने फिरताना लागणारा जोर मोजायचा. टकटक वाजणारा रेंच इथे शून्य कामाचा. नव्या बेअरिंगला साधारण 2 न्यूटन-मीटर लागतात, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या. आकडा ओलांडला तर नळी फेका, दुसरी घाला. वाद नको.

क्राउनचा बॅकलॅश (पिनियनच्या दातांशी असलेली मोकळीक) डायल गेजने मोजा, बहुतेक ठिकाणी 0.13 ते 0.20 मिमी.

ॲक्सल पाट्यांना धरणारे यू-बोल्ट नवेच. आणि पाट्यांच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्याशिवाय पूर्ण आवळू नका, हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, मग लोक बुशच्या क्वालिटीला शिव्या देतात.

जीएल-5 गिअर ऑइल भरा, 20 किलोमीटर सावकाश फिरून या आणि पिनियनच्या नाकाजवळ हात नेऊन बघा. कोमट असेल तर ठीक. हात टेकवत नसेल, तर घ्या गाडी परत स्टँडवर.