रास्पबेरी दोन दिवसांत बुरसते? आधी हे करा

महाबळेश्वर-पाचगणीहून हौसेने आणलेली रास्पबेरी घरी येईपर्यंत खाली दबून पाणी सोडते आणि दुसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. फळ आतून पोकळ, साल नावालाच, त्यामुळे ते टिकतच नाही. स्वस्तही नाही!

१. डबा उघडताच फुटलेली, बुरसलेली फळं काढा. त्यांना चिकटलेलीही टाकूनच द्या, ‘थोडंसंच आहे’ म्हणून पुसून खाऊ नका.

२. एक वाटी पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या थंड पाणी. त्यात फळं दोन मिनिटं ठेवा, मग चाळणीत साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. नळाची जोरदार धार नको, साबण तर नकोच.

३. सुती पंचावर एका थरात पसरून पूर्ण कोरडी करा. इथे घाई केली तर सगळं वाया.

४. पसरट डब्यात कागद घालून ठेवा, झाकण किंचित उघडं. तीन-चार दिवसांत संपवा.

१०० ग्रॅममध्ये सुमारे साडेसहा ग्रॅम तंतू असतात, म्हणून बद्धकोष्ठाला उत्तम. पण सवय नसताना वाडगाभर खाल्लीत तर पोट फुगणार. मूठभर पुरे.

फ्रोझन पाकीट आणलं असेल तर मात्र सावध. गोठवल्याने फळावरचा हिपॅटायटिस ए (काविळीचा विषाणू) किंवा नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाचा विषाणू) मरत नाही. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना देताना ती मिनिटभर खळखळ उकळूनच द्या, स्मूदीत थेट टाकू नका.