बिडिंगसाठी नेलगन घेताय? कोकणातल्या घरात या चुका टाळा

ऑगस्टमध्ये पडवीतली अवजारांची पेटी उघडली आणि खिळ्यांचा अर्धा उरलेला डबा बाहेर काढला. मे महिन्यात चकचकीत असलेल्या खिळ्यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटून त्यांची ढेप झाली होती. वर पांढरी पूड, कडांना तांबूस गंज. त्यातल्या त्यात बरी दिसणारी पट्टी सोडवून गनमध्ये सरकवली, तर तिसऱ्याच खिळ्याला गन अडकली. मग हॉलमधल्या सागवानी चौकटीकडे निरखून पाहिलं. दर वीतभर अंतरावर पॉलिशच्या खाली एकेक काळा ठिपका, शाईचा थेंब झिरपावा तसा. गन चांगली होती. खिळा चुकीचा होता.

सुतारकामात बारीक खिळ्यालाही ‘चूक’च म्हणतात, आणि नेलगनच्या, म्हणजे ट्रिगर दाबला की खिळा ठोकणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत बहुतेक चुका त्या खिळ्याशीच येऊन थांबतात. म्हणून कोणी विचारलं की मी क्रम उलटा सांगतो: आधी भिंत बघा, मग लाकूड, त्यावरून खिळा ठरवा, आणि तो खिळा जी मारते ती गन घ्या. बहुतेकजण गनपासून सुरुवात करतात आणि पैसे दोनदा घालवतात.

भिंत न बघताच गन घेणं

नेलगनचे जे व्हिडिओ आपण बघतो, ते बहुतेक अमेरिकेतल्या घरांचे असतात. तिथे भिंतीच्या आत लाकडी खांब असतात आणि वर जिप्समचा पातळ बोर्ड. स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची, पट्टी भिंतीला टेकवली, टक् टक् खिळे मारले, काम झालं. आपली भिंत जांभ्या चिऱ्याची, वर सिमेंटचा किंवा जुन्या घरात चुन्याचा गिलावा. अठरा गेजचा (गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचा आकडा) खिळा त्यात मारला तर गिलाव्यात वाकतो, किंवा गिलाव्याचा टवका उडवतो. कधी घुसलाच तर धरत नाही, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि खिळ्याभोवती त्याचा भुगा होतो. मी पहिल्यांदा गन घेऊन भिंतीशी झटत होतो तेव्हा आमचे मेस्त्री एवढंच म्हणाले, “आधी भिंतीत लाकूड घाला, मगे खिळो मारा.”

तेच खरं आहे. स्कर्टिंग किंवा भिंतीवरचं पॅनेल लावायचं असेल तर आधी लाकडाची किंवा प्लायची अरुंद पट्टी स्क्रूने भिंतीला बसवा. चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालायचा प्लग, फिरत राहते. गिट्टी लांब घ्या, म्हणजे गिलावा ओलांडून ती चिऱ्यात पोचते. त्या पट्टीला वाळवीचं औषध लावा, ती सुकू द्या, मग तिच्यावर नेलगन चालवा. दाराच्या चौकटीची बिडिंग (कडेची बारीक लाकडी पट्टी), काचेची पट्टी, कपाटाची कड ही कामं मुळात लाकडावर किंवा प्लायवर असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. घरातलं सगळं काम असंच असेल तर निर्धास्तपणे छोटी गन घ्या.

काँक्रीटवर खिळे मारणारी वेगळी जाड गन मिळते. तिचा खिळा जाड असल्याने बारीक पट्टी हमखास फुटते. घरच्या बिडिंगसाठी तिचा विचारही करू नका.

गेजचा आकडा उलटा वाचणं

गेज वाढला की खिळा बारीक होतो. २३ गेज म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटरची पिन, डोकं नसलेली. १८ गेज साधारण सव्वा मिलिमीटर. १६ गेज १.६ मिलिमीटर, १५ गेज त्याहून जाड. दुकानात ‘सोळा नंबर दे, मजबूत असतो’ असं कोणी म्हणालं की आपल्यालाही पटतं. मीही तीच गन आधी आणली होती आणि काचेच्या कडेच्या १० मिलिमीटर सागवानी पट्टीवर चालवली. पहिला खिळा मारताच पट्टी टोकापासून चार बोटं उभी चिरली.

आपल्या बाजारात ही गन गेजपेक्षा अक्षर आणि आकड्यांनी ओळखतात. एफ-३० म्हणजे १८ गेज, ३० मिलिमीटरपर्यंतचा खिळा. एफ-५० म्हणजे तोच गेज, पण ५० मिलिमीटरपर्यंत. टी-५० म्हणजे १६ गेज. पिनगनचे क्रमांक ‘पी’ने सुरू होतात. एफच्या खिळ्यांची पट्टी टीच्या गनमध्ये बसत नाही, हे डबा घेताना बघून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत एफ-३० मध्ये होते. ती स्वस्त, हलकी, सव्वा किलोच्या आसपास, सुताराच्या हातात हमखास दिसणारी. पण हिशोब करून बघा. खिळा पट्टीच्या जाडीच्या निदान अडीचपट लांब असावा, म्हणजे अर्ध्याहून जास्त भाग मागच्या लाकडात जातो. १२ मिलिमीटरच्या बिडिंगला ३० चा खिळा छान बसतो. १८ मिलिमीटरच्या स्कर्टिंगला मात्र ३० चा खिळा मारला तर मागे जातो फक्त १२ मिलिमीटर, आणि झाडूचे चार धक्के बसले की पट्टी हलू लागते. तिथे ४५ किंवा ५० चा खिळा लागतो. म्हणून घरात बिडिंग आणि स्कर्टिंग दोन्ही करायचं असेल तर माझं मत ठाम आहे: एफ-५० घ्या. ती लहान खिळेही मारते. सोळा गेजची गरज जड दाराच्या चौकटीवरच्या रुंद, जाड मोल्डिंगला पडते. तेवढ्यासाठी ती मेस्त्रींकडून एक दिवस मागून आणणं परवडतं. २३ गेजची पिन स्वतःच्या जोरावर काहीच धरत नाही. फेव्हिकॉल सुकेपर्यंत पट्टी जागेवर ठेवणं एवढंच तिचं काम, आणि देव्हाऱ्याच्या नाजूक नक्षीसाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही.

खारी हवा विसरणं

आता त्या काळ्या ठिपक्यांकडे येतो. सागवान, ऐन यांसारख्या लाकडांत टॅनिन असतं. ओलाव्यात लोखंडाशी त्याचा संबंध आला की निळसर काळा डाग पडतो. पूर्वी शाई बनवायची कृतीही हीच होती, टॅनिन आणि लोखंड. कोकणात पावसाळाभर हवेत ओल आणि त्यात समुद्राचं मीठ, म्हणजे डाग पडायला लागणारं सगळं तयार. डब्यात येणाऱ्या साध्या खिळ्यांवर जस्ताचा पातळ मुलामा असतो. तो खिळा बाहेर पडताना घासला जातो, आणि खाऱ्या हवेत आधी जस्त पांढरी पूड होऊन जातं, मग आतलं लोखंड गंजतं. पुट्टीने भोक बुजवलं तरी डाग वर येतो, कारण तो लाकडाच्या आतून येतो.

किनाऱ्यालगतच्या गावात, म्हणजे मालवण, वेंगुर्ले, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी, पॉलिश करायच्या लाकडात स्टेनलेस स्टीलचेच खिळे वापरा. ३०४ ग्रेडचे मिळाले तरी चालतील, समुद्राकडच्या पडवीला आणि खिडक्यांना ३१६ अधिक चांगले. गावच्या हार्डवेअरच्या दुकानात ते सहसा नसतात, आठवडाभर आधी मागवावे लागतात. घाटाजवळच्या गावात, आतल्या खोलीत, ऑइलपेंट करायच्या पट्टीला मुलाम्याचे खिळे चालतात.

मागवलेले खिळे खरंच स्टेनलेस आहेत का, ते बघायचा घरगुती उपाय आहे. चुंबकावर विसंबू नका, कारण तार ओढताना चांगलं स्टेनलेसही थोडं चुंबकाला ओढलं जाऊ लागतं. एका वाटीत मिठाचं पाणी घ्या, त्यात चार खिळे अर्धे बुडतील असे उभे करा आणि चार दिवस ठेवा. मी एकदा ‘स्टेनलेस’ म्हणून आलेला डबा असा तपासला. दुसऱ्याच सकाळी पाण्याच्या रेषेवर चारही खिळ्यांना तपकिरी कडं आलं होतं. त्या वाटीमुळे माझ्या दोन खिडक्या वाचल्या.

उरलेले खिळे मूळ पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवू नका. पुठ्ठा ओल धरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. गनमध्येही पट्टी भरून ठेवायची नाही.

लाइट आणि कॉम्प्रेसर

नेहमीची नेलगन दाबलेल्या हवेवर चालते, ती हवा कॉम्प्रेसर टाकीत भरतो. नेलगनला हवा फार थोडी लागते. घरकामाला २४–२५ लिटरच्या टाकीचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो, मोठा घेऊन काही फायदा नाही. आपल्याकडे अडचण वेगळीच येते. व्होल्टेज कमी असताना मोटर नुसती हुंकारते आणि फिरत नाही. तशी ती चालू ठेवली तर वायंडिंग जळतं. लगेच बंद करा, टाकीतली हवा सोडा, व्होल्टेज आल्यावर पुन्हा बघा. आणि कॉम्प्रेसर लांबच्या खोलीत नेण्यासाठी बारीक वायरचं एक्स्टेंशन जोडू नका. कॉम्प्रेसर प्लगजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या. घरचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची मोटर सुरू होतानाचा करंट पेलत नाही, तो प्रयोग नको.

टाकीखालचा नळ रोज संध्याकाळी उघडा. पावसाळ्यात त्यातून वाटीभर तपकिरी पाणी निघतं. ते पाणी पाइपातून गनमध्ये गेलं की आतला सिलिंडर गंजतो आणि रबरी रिंगा लवकर जातात. पाण्याचा फिल्टर बसवून घ्या, फार महाग नसतो.

बॅटरीवरची गन आमच्याकडे लाइट जाते म्हणून मोहात पाडते, आणि छताजवळच्या पट्टीसाठी ती सोयीची आहेच. पण वजन अडीच-तीन किलो, किंमतही बरीच. एकाच घरासाठी घेत असाल तर मी हवेचीच गन सांगेन, त्यातही शेजारच्या मेस्त्रींचा कॉम्प्रेसर मिळत असेल तर फक्त गन घ्या. थेट प्लगवर चालणारी स्वस्त इलेक्ट्रिक गन मात्र टाळा. मऊ पाइनवर ती ठीक, पण जुन्या सागवानात खिळा अर्ध्यावर थांबतो.

पट्टी फुटते, खिळा बाजूने डोकावतो

खिळ्याचं टोक पटाशीसारखं चपटं असतं. लाकडातली गाठ किंवा कडक रेषा लागली की तो चपट्या बाजूकडे वळतो. गनचं मॅगझिन, म्हणजे खिळ्यांची पट्टी भरायचा भाग, लाकडी पट्टीच्या लांबीला आडवं धरलं तर वळलेला खिळा लांबीच्या दिशेने जातो आणि लाकडातच राहतो. मॅगझिन पट्टीच्या सरळ रेषेत धरलं तर तोच खिळा बाजूने बाहेर येतो, आणि पट्टी धरलेलं आपलं बोट नेमकं तिथेच असतं. म्हणून मोकळा हात निदान वीतभर लांब ठेवा. चष्मा घाला. ट्रिगर प्रत्येक खिळ्याला वेगळा दाबावा लागतो अशीच गन घ्या. नुसतं टेकवलं की खिळा मारणारी गन घरच्या माणसाच्या हाती नको. स्विचबोर्डच्या वरखाली खिळा मारण्याआधी आतली वायरिंगची पाइपलाइन कुठून गेली आहे ते आठवा.

टोकापासून दोन इंच सोडून पहिला खिळा. जुन्या घराचं सागवान किंवा ऐन असेल तर गनचा हट्ट सोडा, एक मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा आणि हातोडीनेच मारा. शंभर वर्षं वाळलेल्या लाकडापुढे बारीक खिळा वाकतो, त्यात गनचा दोष नाही.

जुलैमध्ये फुगलेली पट्टी ठोकली तर जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात कोपऱ्याचे सांधे उघडतात. दिवाळीनंतर काम काढा, आणि पट्टीच्या मागच्या बाजूलाही पॉलिशचा एक हात द्या.

आणि पडवीची झालर या खिळ्यांवर ठेवू नका. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते आपण पाहिलं आहे. वाऱ्याला तोंड देणारी कुठलीही फळी स्क्रूनेच बसवायची.

काम करता करता बिघडलं तर

खिळा वर राहतो: आधी ७० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) टाकाऊ तुकड्यावर मारून बघा, मग पाच-पाचने वाढवा. गनवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही. दाब बरोबर असूनही एखादाच खिळा वर राहत असेल तर गन लाकडावर नीट दाबली जात नाही.

खिळा फार खोल जातो: दाब कमी करा किंवा गनच्या नाकाजवळचं, म्हणजे खिळा बाहेर पडतो त्या टोकाजवळचं, खोलीचं चाक फिरवा.

गन अडकते: पहिलं काम, हवेचा पाइप काढा. मग खिळ्यांची पट्टी बाहेर काढा, नाकाचं झाकण उघडा, पक्कडीने वाकडा खिळा ओढा. स्वस्त एफ-३० ला हे झाकण ॲलन कीच्या बोल्टांनी बसवलेलं असतं, तेव्हा ती की गनलाच बांधून ठेवा. पुन्हा पुन्हा अडकत असेल तर खिळे गंजलेले आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र झालेत, किंवा आतल्या पात्याचं टोक झिजलंय.

हवा सुटल्याचा आवाज येतो, फटका कमजोर पडतो: बहुतेक वेळा ओ-रिंग (आतली गोल रबरी रिंग) कोरडी पडलेली किंवा फाटलेली असते. काम सुरू करताना हवेच्या तोंडातून न्यूमॅटिक ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. हाताशी आहे म्हणून खोबरेल तेल घालू नका. थंडीच्या सकाळी ते आत थिजतं आणि पिस्टन परत येत नाही. नवी ओ-रिंग घेताना जुनी सोबत न्या. मापं एकमेकांच्या इतकी जवळ असतात की डोळ्यांनी कळत नाही.