जुनी नावे बदलताना: मुक्तस्रोत कोडसाठी एक रीत

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या मराठी वाचनालयाची पुस्तकसूची चालवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तुमचा गट सांभाळत असेल आणि त्यात 'मास्टर-स्लेव्ह' (मालक-गुलाम), 'ब्लॅकलिस्ट-व्हाइटलिस्ट' (मनाई असलेल्यांची आणि परवानगी असलेल्यांची यादी) ही नावे जागोजागी असतील, तर ती बदलण्याचे काम एका रविवारात उरकायला घेऊ नये. गुलामगिरीची आठवण देणारी नावे नकोत, हे वेबसाइट बांधण्याच्या जँगो या साधनसंचाने 2014 मध्येच मान्य केले. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यानेही, म्हणजे कर्नलनेही, 2020 च्या जुलैमध्ये नव्या कोडसाठी तसा नियम केला. प्रश्न उरतो तो बदल कोणाचेही काम न अडवता कसा करायचा, एवढाच.

आधी कोडमध्ये शब्द शोधणारी 'गिट ग्रेप' ही आज्ञा चालवून, लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता, प्रत्येक उल्लेख ओळ क्रमांकासह काढावा आणि तो नेमका कोणाच्या ताब्यातला आहे हे पाहावे. कोडमधली टिपणे, दस्तऐवज आणि फंक्शनच्या आतली व्हेरिएबल्स तुमचीच असतात. ती लगेच बदलावीत. हार्डवेअरच्या किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडच्या (लायब्ररीच्या) ठरलेल्या नावांना मात्र हात लावू नये. कर्नलच्या नियमातही अशा जुन्या नावांना सूट आहे. सरसकट शोधून बदलण्याचा मोह तर टाळावाच, नाहीतर 'मास्टर'चे 'मेन' करताना सभासदाच्या अर्जातील 'मास्टर ऑफ आर्ट्स'चे 'मेन ऑफ आर्ट्स' होईल.

नवे नाव कामावरून ठरवावे. डेटाबेसच्या प्रतींसाठी 'प्रायमरी-रेप्लिका' चपखल बसते, पण कामे वाटून देणाऱ्या यंत्रणेत तेच नाव दिशाभूल करते. तिथे 'कंट्रोलर-वर्कर' योग्य. 'ब्लॅकलिस्ट'साठी 'डिनायलिस्ट' चालेल, तरी ज्यांना पुस्तके देणे थांबवले आहे त्यांच्या यादीला 'ब्लॉक्ड मेंबर्स' म्हटले, तर वाचणाऱ्याला यादी उघडून पाहावी लागत नाही.

खरी कसोटी लागते ती बाहेरच्यांनी वापरलेल्या नावांवर, म्हणजे सेटिंग्जच्या फायलीतील किंवा एपीआयमधील (इतर प्रोग्रॅम ज्यातून तुमचे सॉफ्टवेअर वापरतात त्या जोडणीतील) नावांवर. तिथे नवे नाव जोडावे, जुनेही चालू ठेवावे, ते वापरणाऱ्याला सूचना दाखवावी आणि ते कोणत्या आवृत्तीत निघेल हे आधीच जाहीर करावे. रेडिस या डेटाबेसने 5.0 मध्ये 'रेप्लिकाऑफ' आणताना जुनी आज्ञा चालू ठेवली, मायएसक्यूएल या डेटाबेसने 8.0.22 मध्ये 'स्टार्ट रेप्लिका' दिली आणि जुनी 'स्टार्ट स्लेव्ह' ही आज्ञा 8.4 मध्ये काढली.

'मास्टर' या मुख्य ब्रँचचे, म्हणजे कोडच्या मुख्य धारेचे, नाव बदलणे त्या मानाने सोपे आहे. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) मुख्य ब्रँच 'मेन' असते. जुन्या ब्रँचचे नाव तिथल्या सेटिंग्जमधून बदलले, तर उघड्या पुल रिक्वेस्टही (बदल सामावून घेण्याच्या विनंत्याही) नव्या नावाकडे वळतात. पण स्वयंचलित चाचण्यांच्या फायलीत 'मास्टर' तसेच राहिले, तर चाचण्या कोणतीही चूक न दाखवता चालायच्याच थांबतात, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे विशेष जपायची गोष्ट भाषांतराची आहे. पडद्यावरच्या वाक्यांची भाषांतरे सांभाळणाऱ्या गेटटेक्स्ट या साधनात मूळ इंग्रजी वाक्य बदलले, की फायली जुळवताना जुन्या मराठी आणि गुजराती वाक्यांवर बहुधा 'फझी' (पुन्हा तपासण्याजोगे) अशी खूण पडते; अशी वाक्ये एरवी अंतिम फायलीत घेतली जात नाहीत आणि काउंटरवरच्या ग्रंथपालाला अचानक इंग्रजी पडदा दिसतो. म्हणून दोन्ही भाषांच्या फायली भाषांतरकारांनी तपासून ती खूण काढल्याशिवाय अशी पुल रिक्वेस्ट मर्ज करू नये, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू नये.