उतारवयात डोकं तल्लख ठेवायचं तर सुडोकूआधी हे बघा

सुडोकू सोडवणारा सुडोकूत तरबेज होतो. त्यापलीकडे फारसं हाती लागत नाही. आवडत असेल तर सोडवा, पण चाळिशीनंतर आधी रक्तदाब बघा. दाब वाढलेला राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत जातात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

घरी मोजायला मनगटावरचं यंत्र नको, दंडावरचं घ्या. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, न बोलता ५ मिनिटं बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर; हात टेबलावर, छातीच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच वाढीव येतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल असतो.

दुसरं, कान. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांतून बाजूला पडतो आणि मेंदूचं काम कमी होतं. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कधी नुसता मळच असतो. तो काडीने कोरू नका, आणखी आत जातो. यंत्र लागलंच तर पहिले काही दिवस पंखा, भांडी, पिशव्यांची खसखस असह्य वाटते, म्हणून पुष्कळ यंत्रं कपाटात पडून राहतात. शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, रोज तास-दोन तासांपासून सुरुवात करा. लग्नाचा हॉल सगळ्यात शेवटी.

शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं, ते रक्तात तपासून घ्या. त्याच रक्तात थायरॉइडची तपासणीही होते. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं आणि विसराळूपणा एकत्र आले तर थांबू नका. नुसतं फॉलिक ॲसिड मनाने घेऊ नये: रक्त सुधारल्यासारखं दिसतं, मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहतं.

सर्दीच्या काही गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. त्याने आणि झोपेच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं, गोंधळही उडतो. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक धरून, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं भरभर. आठवड्यातून दोन दिवस हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठणं. मशेरी, सिगारेट बंद, हे वेगळं सांगायला नको.

विसराळूपणा हळूहळू वाढला तर वेळ घेऊन तपासण्या करता येतात. पण कालपर्यंत ठीक असलेले आजोबा आज अचानक बरळू लागले, दिवस-रात्र विसरले, तर ‘वयच झालं’ म्हणू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम किंवा साखर उतरणं, पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी, तोंड वाकडं किंवा हात लुळा दिसला तर त्याच क्षणी, दवाखान्यात न्या.