सावंतवाडीला दोन रात्री तरी राहा

सावंतवाडी माझं माहेर. ओळखीतलं कुणी म्हणालं, "गोव्याला जाताना वाटेत तळं बघू, लाकडी आंबा घेऊ आणि पुढे निघू," की मला राहवत नाही. या गावाला दोन रात्री द्या. इथलं बघण्यासारखं जे आहे ते माणसांच्या हातात आहे, आणि हात कामाला लागलेले बघायचे तर थांबावं लागतं.

मुंबईकरांना तुतारी एक्सप्रेस सोयीची. ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही आधी बघून ठेवा. स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, सात-आठ किलोमीटरवर. बाहेर रिक्षा मिळते. बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. गणपती आणि मे महिन्यात आरक्षण मिळणं कठीण, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्याला मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुचवते.

मुक्काम मोती तलावाच्या आसपासच करा. एसटी स्टँड, बाजार, राजवाडा सगळं पायी होतं. साध्या लॉजपासून घरगुती निवासापर्यंत सोय आहे, आणि खर्चाची तयारी असेल तर राजवाड्याच्या आवारातही राहता येतं. फोनवर तीन गोष्टी विचारा: खोली तळ्याच्या बाजूची आहे का, सकाळचा नाश्ता मिळेल का, आणि राजवाडा सध्या किती वाजता उघडतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गावातल्याच माणसाकडून घेतलेलं बरं.

राजवाड्यासाठी अख्खी सकाळ ठेवा. तिथे गंजिफा रंगवतात, म्हणजे पत्ते, पण गोल आणि हातानं चितारलेले. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. राजा, प्रधान आणि एक ते दहा. परशुरामाच्या पानावर कुऱ्हाड, वामनाच्या पानावर कमंडलू. चित्रकार एका पानाची कड रंगवत असेल तर पाच मिनिटं नुसतं शेजारी उभं राहा. पान डाव्या हातानं हळूहळू फिरतं आणि उजव्या हातातला कुंचला जवळजवळ जागचा हलत नाही. गोल रेघ अशी पुरी होते. १९७० च्या दशकात ही कला संपत आली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. पूर्ण संच महाग वाटला तर सुटी पानं मिळतात का विचारा, पण घासाघीस करू नका. एका पानामागचे तास तुम्ही नुकतेच बघितलेले असतात.

चितार आळीत संध्याकाळी जा. लाकडी फळं हातात घेऊन वजन बघा: पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं असतं. काजूच्या बोंडाला बी कशी बसवली आहे, केळ्यावर काळसर ठिपके दिलेत का, यावरून काम ओळखू येतं. शिवाय पाट, रंगीत पाळणे, भातुकली. प्रवासात रंग घासला जाऊ नये म्हणून प्रत्येक फळ वेगळं गुंडाळून घ्या.

जेवणाची चिंता नको. खानावळीत त्या दिवशी ताजं काय आलंय ते विचारून मासे मागवा, सोबत सोलकढी. सकाळी घावणे. मंगळवारी आलात तर आठवडा बाजार चुकवू नका. गावोगावच्या बायका परसातली भाजी घेऊन बसलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी बहुतेक जण आंबोलीला जातात. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास, एसटीनं होतं. मात्र जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, तेव्हा मधला वार धरा आणि हिरण्यकेशी नदीच्या उगमाला अवश्य जा. माझं मन मात्र कुडाळजवळच्या पिंगुळीकडे ओढतं. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. खेळ बघायचा असेल तर आधी कळवून जा, घरच्या माणसांना तयारीला वेळ लागतो.

थंडीत आलात तर लॉजवाल्याला एवढं विचाराच: "आज जवळपास खंय जत्रा आसा काय?" असली तर दुपारी झोप काढून घ्या. जत्रेत दशावतार हे लोकनाट्य असतं, ते मध्यरात्रीनंतर रंगतं आणि पहाटेपर्यंत चालतं. अंगावर घ्यायला शाल न्या आणि परतीची रिक्षा आधीच सांगून ठेवा.