लिनक्सवर सिरियल पोर्ट वाचताना व्हीमिन आणि व्हीटाइम कसे लावावेत

सिरियल पोर्टवरून डेटा तुटक येतोय म्हटलं की हमखास एकच सल्ला मिळतो: रीडच्या आधी एक सेकंदाचा स्लीप टाका. कृपा करून टाकू नका. त्याने दुखणं बरं होत नाही, फक्त लपतं.

सी भाषा येते, केबल ठीक आहे आणि पोर्ट उघडायची परवानगी आहे (डेबियन-उबंटूवर डायलआउट ग्रुप) हे धरून चालतो.

पोर्ट उघडताना नोसीटीटीवाय (पोर्ट प्रोग्रॅमचं कंट्रोलिंग टर्मिनल होऊ नये म्हणून) आणि नॉनब्लॉक (वाट न बघता परतण्यासाठी) हे दोन्ही फ्लॅग द्या. नॉनब्लॉक नसेल तर कॅरियर सिग्नलची वाट बघत ओपन तिथेच अडकू शकतं. टीसीगेटॲट्रने सेटिंग वाचा आणि मूळ प्रत बाजूला ठेवा, बंद करताना तीच परत लावायची आहे. दुसऱ्या प्रतीवर सीएफमेकरॉ (बाइट जसेच्या तसे येऊ देणारं फंक्शन) चालवा, नाहीतर येणाऱ्या १३ चा १० होतो आणि १७, १९ हे बाइट वाटेतच गिळले जातात. वेग भरा, सीलोकल (कॅरियर सिग्नलकडे दुर्लक्ष) आणि सीरीड (डेटा घेणं) चालू करा. दुसरा स्टॉप बिट आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल यांना सीएफमेकरॉ हात लावत नाही. नको असतील तर स्वतः बंद करा.

आता व्हीमिन (रीडने किमान किती बाइटची वाट बघायची) आणि व्हीटाइम (किती वेळ बघायची). माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले.

एका वजनकाट्याचा इंडिकेटर दर वेळी सात बाइट पाठवायचा: सुरुवातीला २ (बाइटचं मूल्य, वजनातला अंक नव्हे), मग वजनाचे पाच अंक, शेवटी १३ (हेही मूल्यच). मी व्हीमिन ७ आणि व्हीटाइम ० लावलं. सात बाइट आले की रीड परतणार, मधले पाच उचलले की वजन मिळालं. टेबलावर छान चाललं. काट्यावर एका संदेशातला एक बाइट हरवला आणि पुढचं सगळं एका घराने सरकलं. १२३४० किलोचा ट्रक पडद्यावर २३४० किलोचा दिसायला लागला, आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तसाच दिसत राहिला. एरर कुठेच नाही. शेतकऱ्याचे पैसे ज्या आकड्यावर ठरतात, तो आकडा असा चुकला.

म्हणून ठामपणे सांगतो: व्हीमिनला संदेशाची लांबी समजू नका. रीड बाइट देतं. संदेश आपणच जुळवायचा.

दुसरा सापळा म्हणजे दोन्ही आकडे शून्याहून मोठे ठेवणं. लोकांना वाटतं, व्हीटाइम १० म्हणजे एका सेकंदात रीड परत येईलच. (हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, कमाल २५५.) पण या जोडीत घड्याळ पहिला बाइट आल्यावरच सुरू होतं. समोरचं यंत्र बंद असेल तर प्रोग्रॅम कायमचा अडकून बसतो.

मी व्हीमिन ० आणि व्हीटाइम ५ लावतो. काही आलं की रीड लगेच परत येतं, अर्धा सेकंद शांतता असेल तर शून्य देतं. आलेले बाइट आपल्या बफरमध्ये जोडत जा. २ शोधा, त्यानंतर बरोबर पाच अंक आणि मग १३ असेल तरच वजन माना. नसेल तर तो २ टाकून पुढचा शोधा. एखादा बाइट हरवला तर एवढा एकच संदेश जातो. यूएसबी-सिरियल अडॅप्टर उपटला तरी रीड शून्यच देतं, म्हणून लागोपाठ शून्यं आली तर पोलने हँगअप (जोडणी तुटल्याची खूण) तपासा.

हे सगळं टीसीसेटॲट्रने लावा आणि लगेच टीसीगेटॲट्रने वाचून ताडून पाहा. मागितलेल्यातला एक बदल जरी लागला तरी टीसीसेटॲट्र यशच कळवतं.

शेवटी एफसीएनटीएलने नॉनब्लॉक काढायला विसरू नका. तो राहिला तर व्हीटाइम कितीही ठेवा, रीड थांबतच नाही.